बुजवलेली खदान आणि हापशीचं पाणी



मागच्या उन्हाळ्यात एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. वसुली झाली, कर्जाचे अर्ज झाले, चहा आला. तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, वास घेऊन पाहा बरं." झाकण उघडलं तर फवारणीच्या पंपाला येतो तसा उग्र दर्प. "आमच्या हापशीचं पानी हाये. पंधरा दिवस झाले, असंच येऊन राह्यलं. ढोरं बी तोंड लाऊन नाई राह्यले."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. गावाच्या वरच्या अंगाला गिट्टीची जुनी, बंद पडलेली खदान आहे. आदल्या वर्षी रात्रीच्या वेळी तिथे कोणीतरी ट्रॅक्टरने निळे ड्रम आणि काळसर चिखलासारखा माल टाकून गेलं. कोणी टाकला, कुठून आणला, कोणालाच नक्की माहीत नाही. पावसाळ्यात खदान भरली, पाणी जिरलं, आणि या उन्हाळ्यात हापशीला वास आला. त्यातले सहा ड्रम तर गावातल्याच लोकांनी धुऊन घरी नेले होते. चांगले जाड ड्रम, पाणी भरायला कामाचे!

बैठकीबाहेर उभे असलेले एक दादा म्हणाले, "एवढं काय त्यात? जेसीबी लावू, दोन-चार ट्रॉल्या मुरूम टाकू, खदान बुजवून टाकू. विषय खतम." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. वर मी माझं शहाणपण जोडलं, "आणि तोवर हापशीत ब्लिचिंग टाका, पाणी उकळून प्या."

तायांनो, मी एमएसडब्ल्यू केलं आहे, पण त्या दिवशी मी दिलेला सल्ला चुकीचा होता, आणि दादांचाही. का चुकीचा, हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण बंद खदानी, पडक्या जिनिंगचे आवार आणि नाल्याकाठच्या ओसाड जागा आपल्या आठही तालुक्यांत आहेत.

ब्लिचिंगने काय होतं, काय होत नाही

ब्लिचिंग पावडर जंतू मारते. उकळल्यानेही जंतूच मरतात. हगवण, कावीळ, टायफॉइड यांच्यासाठी हे उपाय बरोबर आहेत. पण पाण्यात मिसळलेलं रसायन म्हणजे जिवंत जंतू नव्हे, ते मरत नाही. मिठाचं पाणी उकळलं तर मीठ उडून जातं का? उलट पाणी आटतं आणि खारटपणा वाढतो. नायट्रेट, शिसं, क्रोमियम यांचंही तसंच. उकळून पाजलेलं पाणी जास्तच कडक होतं. काही रसायनं गरम केल्यावर वाफेतून बाहेर पडतात, पण ती वाफ चुलीपाशी बसलेल्या बाईच्याच नाकात जाते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं रसायन तसंच राहतं.

म्हणून पाण्याला रसायनाचा संशय आला की पहिलं काम एकच, ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं थांबवायचं. साफसफाई, तक्रार, तपासणी सगळं त्यानंतर.

एक छोटी युक्ती सांगते. पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसला तर काडीने ढवळून बघा. तवंगाचे काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो बहुधा लोहाचा तवंग असतो. काडी काढल्यावर परत एकत्र आला तर तेल, डिझेलसारखा पदार्थ असण्याची शक्यता जास्त. यावरून निकाल लावायचा नाही, पण प्रयोगशाळेला काय सांगायचं ते कळतं.

रॉकेलचं मडकं

खदानीतून हापशीपर्यंत विष पोचतं कसं? आपला जिल्हा बहुतेक काळ्या पत्थरावर, म्हणजे बेसाल्टवर बसला आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. काळी माती पावसात फुगून घट्ट होते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. खदानीत तर वरची मातीच काढून टाकलेली, खडक उघडा, त्यात सुरुंगाने पडलेल्या चिरा. म्हणजे तिथे ओतलेला माल मातीच्या गाळणीतून जातच नाही.

खाली गेल्यावर पाणी खडकातल्या चिरांमधून, झिऱ्यांमधून सरकतं. झिरा कुठे वळेल ते वरून दिसत नाही. त्यामुळेच खदानीजवळची विहीर चांगली आणि लांबची हापशी बिघडलेली, असंही होतं. "आमची विहीर तं जवळच हाये, तिचं पानी गोड हाये, मग तुमचंच कसं बिघडलं?" असा वाद त्या गावात झालाच होता. दोघीही खरं बोलत होत्या.

रसायनांचे स्वभावही वेगवेगळे. डिझेल, पेट्रोल पाण्यावर तरंगतं. ग्रीस धुण्याची काही द्रावणं पाण्यापेक्षा जड, ती तळाशी जाऊन खडकाच्या खळग्यात बसतात. नायट्रेट पाण्यात विरघळून पाण्याबरोबर धावतं. शिसं आणि डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं मातीच्या कणांना चिकटून राहतात, लवकर हलत नाहीत.

आणि आता मडक्याची गोष्ट. रेशनला रॉकेल मिळायचं तेव्हा कधी कोणी चुकून माठात ठेवलं असेल, तर आठवून बघा. माठ तीनदा घासला, पाणी भरलं, वास गेला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत वास. कारण रॉकेल माठाच्या भिंतीत मुरलेलं असतं आणि हळूहळू बाहेर येत राहतं. जमिनीखाली हेच होतं, फक्त माठ गावाएवढा असतो. दूषित पाणी उपसून टाकलं की काही दिवस चांगलं पाणी येतं, सगळे खूश होतात, आणि मग माती-खडकात मुरलेलं विष परत पाण्यात उतरतं. "उपसा केला, आता झालं" असं कोणी सांगितलं तर हा माठ आठवा.

बुजवलं म्हणजे संपलं का? बिछडीला विचारा

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८७-८८ च्या सुमारास तिथल्या कारखान्यांत एच-ॲसिड नावाचं रंगधंद्याचं रसायन बनायला लागलं. हा माल मुख्यतः परदेशी पाठवायचा होता. त्यातून निघालेला सुमारे अडीच हजार टन गाळ मात्र गावाच्या उशाला राहिला. उघड्यावर टाकला, पावसाने तो झिरपला, विहिरींचं पाणी रंगीत झालं, पिण्याच्या तर सोडाच, शेतीच्याही कामाचं राहिलं नाही. गावकरी एवढे चिडले की जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी लावावी लागली आणि जानेवारी १९८९ मध्ये कारखाना बंद झाला.

पण कारखाना बंद झाल्याने विहिरी काही सुधारल्या नाहीत. गाळाचं काय केलं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिलेलं आहे. तो आवारात पसरून, मातीत मिसळून वर माती टाकून झाकला गेला, दिसू नये म्हणून! गाळ दिसेना, पण पाऊस पडला की विहिरीत उतरायचा. शेवटी तपासणी करायला गेली ती आपल्या शेजारची संस्था, नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. तिच्या अहवालांच्या आधारे न्यायालयाने १९९६ साली सांगितलं, ज्याने घाण केली त्यानेच साफसफाईचा खर्च भरायचा. रक्कम ठरली ३७ कोटींहून जास्त. कंपनी पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली, आणि २०११ साली न्यायालयाने व्याजासकट भरा असा आदेश दिला. १९८९ ते २०११, बावीस वर्षं मोजा. तेव्हा विहिरीवर पाणी भरणारी मुलगी त्या वेळेपर्यंत आई झाली असेल.

खदान बुजवण्याचं दादांचं म्हणणं ऐकून मला आता भीती वाटते ती याच्यामुळे. मुरूम टाकला असता तर तीन गोष्टी झाल्या असत्या. ड्रम जेसीबीखाली फुटून उरलेला माल सांडला असता. कोणी टाकलं याचा पुरावा, ड्रमवरच्या चिठ्ठ्या आणि नंबर, गाडले गेले असते. आणि पाच वर्षांनी तिथे अंगणवाडी किंवा घरकुल बांधायला जागा मोकळी दिसली असती.

मग खरी साफसफाई होते कशी?

तज्ज्ञ कामाला लागतात तेव्हा क्रम ठरलेला असतो. आधी गळती थांबवतात, म्हणजे वर पडलेला माल उचलतात. मग ठिकठिकाणी बोअर घेऊन माती-पाण्याचे नमुने घेतात आणि विष किती खोल, किती लांब, कोणत्या दिशेने गेलं ते बघतात. हे न करता साफसफाई सुरू करणं म्हणजे नाडी न बघता सलाईन लावणं.

उचललेला माल आणि माती कुठे नेतात? घातक कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि आपल्या जवळ बुटीबोरी अशा ठिकाणी खास जागा आहेत. तिथला खड्डा साधा नसतो. खाली चिकणमातीचा घट्ट थर, त्यावर जाड प्लास्टिकचं अस्तर, झिरपलेलं पाणी गोळा करायला नळ्या, वरून झाकण, आणि आजूबाजूला पाणी तपासायच्या विहिरी. जो माल जाळण्यासारखा असतो तो मोठ्या तापमानाच्या भट्टीत जाळतात. हे काम गावच्या उकिरड्यावर आगकाडी लावून होत नाही. उलट अर्धवट जळण्यातून निघणारा धूर जास्त वाईट असतो.

माती उचलण्याएवढी थोडी नसेल तर जागेवरच उपाय करतात. वर घट्ट झाकण घालून पावसाचं पाणी आत जाऊ देत नाहीत. पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून काढतात, वर्षानुवर्षं. कुठे जमिनीत खोल चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरतात, त्यातून जाणाऱ्या पाण्यातली काही रसायनं त्या लोखंडाशी क्रिया होऊन निरुपद्रवी होतात.

मला सगळ्यात गंमत वाटली ती गुळाच्या मळीची. काही ठिकाणी बोअरमधून जमिनीत साखर कारखान्याची मळी सोडतात. मातीतले सूक्ष्म जीव ती खाऊन वाढतात, तिथला प्राणवायू संपवतात, आणि त्या बदललेल्या वातावरणात पिवळं, विषारी क्रोमियम कमी विषारी रूपात बदलून मातीला चिकटून बसतं, पाण्याबरोबर वाहत नाही. म्हणजे आपण शेतात जीवामृतात गूळ घालतो ना, तत्त्व तेच, जंतूंना खाऊ घालायचं. पण कोणी आपल्या विहिरीत गूळ टाकू नये! कोणतं रसायन, किती खोल, किती मळी, हे मोजून करायचं काम आहे.

झाडंही मदत करतात. एक नेच्याची जात मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवते. ऐकायला छान वाटतं, पण मग ती पानंच विष होतात, ती कापून घातक कचऱ्यात द्यावी लागतात. त्यावरून आपल्यासाठी मुद्दा हा की अशा जागेवर उगवलेलं गवत हिरवंगार दिसलं तरी ढोरांना कापून आणू नका, तिथली तरोट्याची भाजीही खुडू नका.

हे सगळं किती मोठं आणि हळू काम आहे ते भोपाळवरून कळतं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचा वायू सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कीटकनाशक कारखान्याने गॅसच्या आधीपासून आपला कचरा आवारात आणि जवळच्या तळ्यांत टाकला होता, आणि तो झिरपून वस्त्यांच्या हापशांत उतरला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा आदेश द्यावा लागला. गोदामात साठवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमधून पिथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून झाला. चाळीस वर्षांनी. आणि तो तर उचलून बांधून ठेवलेला कचरा होता. २०१० च्या अहवालात नीरीने तिथली दूषित माती सुमारे ११ लाख टन असल्याचा अंदाज दिला होता. ती माती आणि तिच्याखालचं पाणी अजून तिथेच आहे.

आपल्या जिल्ह्यातलं न दिसणारं

भोपाळ, बिछडी लांब वाटत असेल तर घरचं सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातले पंधरा हजारांवर नमुने आहेत. त्यातल्या जवळपास पाचव्या हिश्शात नायट्रेट ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं. सगळ्यात वाईट स्थितीच्या पंधरा जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सात आहेत, आणि त्यात आपला वर्धा आहे. बुलढाणा, अमरावती, यवतमाळही आहेत.

हे नायट्रेट कोणी रात्री ट्रॅक्टरने आणून टाकलेलं नाही. कपाशी-तुरीला गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया, कोठ्यातलं मूत, उघडा शेणखताचा खड्डा, नाली नसलेलं सांडपाणी आणि विहिरीजवळचा संडासचा खड्डा, यांतून ते येतं. पाणी दिसायला स्वच्छ, वास नाही, चव नाही. सहा महिन्यांखालच्या वरच्या दुधावरच्या बाळाला मात्र या पाण्यात कालवलेलं दूध घातक ठरू शकतं. रक्त शरीराला प्राणवायू पुरवू शकत नाही, ओठ-नखं निळी पडतात. बाळाला आईचंच दूध द्या असं आशाताई सांगतात, त्याला हे आणखी एक कारण. आणि गावात वरच्या दुधावरचं बाळ असेल तर त्या घराला आधी विचारा, पाणी कुठलं वापरता?

एक चांगली गोष्ट. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासणीच्या किटचं शिक्षण द्यायचं ठरलं आहे. पुष्कळ गावांत ते किट ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात आहे, हेही मला माहीत आहे. किल्ली मागा. त्या किटने नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोराइड, कडकपणा एवढं घरबसल्या कळतं. पण एक लक्षात ठेवा, त्या किटने शिसं, क्रोमियम किंवा कीटकनाशक कळत नाही. किटने सगळं "ठीक" दाखवलं आणि पाण्याला औषधाचा वास येत असेल, तर पाणी ठीक नाही. त्या गावात हेच झालं. किटमध्ये नायट्रेट जास्त निघालं, बाकी सगळं मर्यादेत, आणि सरपंच म्हणाले, बघा, काही नाही. वास मात्र तसाच.

अशा वेळी नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्यायचा, आणि देताना तोंडी नाही तर अर्जात लिहायचं की जवळ रसायनाचे ड्रम आहेत, जड धातू आणि कीटकनाशकांची तपासणी हवी. आधी विचारा की नमुना कशात आणायचा. धातूंसाठी वेगळी बाटली लागते, कीटकनाशकांसाठी काचेची, आणि नमुना थंड ठेवून वेळेत पोचवावा लागतो. आमच्या ताईंनी पहिल्यांदा थंड पेयाच्या बाटलीत पाणी नेलं. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं फुकट गेलं.

तक्रार कुठे आणि कशी

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम काढले. आतापर्यंत अशा जागेचं नेमकं काय करायचं याची ठरलेली पद्धतच नव्हती. देशात अशी १०३ ठिकाणं सापडली होती, त्यातल्या फक्त सात ठिकाणी काम सुरू झालं होतं. आता लोकांच्या तक्रारीवरून किंवा स्वतःहून, स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची आहे. त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचं, तिथला वावर बंद करायचा, जबाबदार माणूस शोधायचा आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही तर सरकारने बघायचं.

यात एक पळवाट आहे. साध्या कचऱ्याचे ढीग आणि खाणकामाचं प्रदूषण या नियमांतून वगळलं आहे. म्हणून अर्जात "खदानीत कचरा टाकला" एवढंच लिहू नका. "बंद खदानीत बाहेरून आणलेले रसायनाचे ड्रम आणि गाळ टाकला" असं लिहा. शब्दाने फरक पडतो. नाहीतर "हे आमच्याकडे येत नाही" असं उत्तर मिळतं. आम्हाला मिळालं होतं.

अर्ज ग्रामपंचायत, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नागपूरचं कार्यालय, तिन्हीकडे द्या आणि पोच घ्या. सोबत ड्रमचे फोटो, चिठ्ठी वाचता येईल असे, पण लांबून मोबाइल झूम करून. जवळ जाऊ नका, हात लावू नका, मुलांना काठीने उलथू देऊ नका. महिला सभेत ठराव घ्या, म्हणजे तो ग्रामसभेत जातो आणि "दोन-चार बायांची कुरकुर" राहत नाही.

आणि नकाशा काढा. गाव नकाशा आपण रांगोळीने किती वेळा काढला आहे! त्यावर खदान, सगळ्या विहिरी-हापशा, जुने बुजलेले नाले, आणि कोणत्या पाण्याला कधीपासून वास आला ते मांडा. हे काही मी शोधलेलं नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात एका जुन्या कालव्यात कंपनीने सुमारे २१ हजार टन रसायनं पुरली, वर माती टाकली, आणि तिथे शाळा व घरं उभी राहिली. १९७८ साली लोइस गिब्स नावाच्या, मुलं सांभाळणाऱ्या एका बाईने दारोदार जाऊन आजारपणं विचारली आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा कालव्याभोवती गोल पडल्या नाहीत, जुन्या बुजलेल्या ओहोळांच्या रेषेत पडल्या. अधिकारी आधी हसले होते. पुढे तिथली शेकडो कुटुंबं हलवली गेली आणि १९८० मध्ये त्या देशात अशा जागा साफ करण्याचा कायदा झाला. ती जागा सरकारी यादीतून निघाली २००४ साली. आपल्या गावच्या म्हाताऱ्या बायांना बुजलेले नाले कुठे होते ते माहीत असतं. त्यांना नकाशावर बसवा.

त्या गावात आज काय स्थिती आहे तेही सांगते. खदान बुजवली नाही, काट्यांचं कुंपण घातलं. हापशीचा दांडा काढून ठेवला, कारण नुसती लाल पट्टी मारून उपयोग झाला नाही, लांबून येणारे मजूर पाणी पीतच होते. बाया आता शाळेजवळच्या विहिरीवरून पाणी आणतात, जाऊन-येऊन अर्धा तास, आणि ती विहीर दर महिन्याला किटने तपासतात. नळाची लाइन त्या टोकापर्यंत वाढवायचा ठराव महिला सभेत झाला आहे, काम झालेलं नाही. मंडळाचे लोक एकदा येऊन नमुने घेऊन गेले. मोठ्या तपासणीचा कागद अजून हातात यायचा आहे. मी दर बैठकीला विचारते, ताई दर बैठकीला सांगतात, "नाई आला."

घरी नेलेल्या सहा ड्रमपैकी पाच परत आले. ग्रामसेवकांनी पंचांसमोर नोंद करून ते कुंपणाच्या आत, ताडपत्रीखाली ठेवले. एका घरात त्यातून वर्षभर प्यायचं पाणी निघत होतं, एका घरात ज्वारी होती. सहावा ड्रम लग्नात शेजारच्या गावाला मांडवासाठी गेला आणि तिथून पुढे कुठे गेला ते कळत नाही. निळा, जाड, दोन बुचांचा, बाजूची चिठ्ठी खरवडून काढलेली. देवळी आणि वर्धा तालुक्यातल्या गटांनी या महिन्याच्या बैठकीत जरा विचारून बघा. सापडला तर धुऊ नका, उपडा करू नका, त्यातलं धान्य ढोरांनाही घालू नका, आणि मला फोन करा.